दोन रानकांदे : एक माणदेशचा, एक भूमध्य समुद्राकाठचा

(एस. वाय. बी. ए., भूगोल)

वैशाखात आमच्या माळावर हिरवे म्हणून काही उरत नाही. गवत वाळून जमिनीला चिकटलेले असते, ओढ्याची वाळू पायाला भाजते आणि शेरडे बाभळीच्या शेंगांवर दिवस काढतात. अशा वेळी मुरमाड जमिनीतून पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक दांडा सरळ वर येतो. त्याला पान नसते. चार-सहा दिवसांत तो गुडघ्याच्या वर जातो आणि त्यावर मळकट तपकिरी रंगाची, खाली माना घातलेली फुले लागतात. अनोळखी माणसाला वाटावे, कोणी तरी वाळकी काडी जमिनीत खोचून ठेवली आहे. हा रानकांदा. काही ठिकाणी याला कोळकांदा असेही म्हणतात. माझी आजी त्याला नुसता ‘त्यो कांदा’ म्हणते, आणि म्हणताना तोंड वाकडे करते.

प्रथम वर्षाला भूगोलाच्या तासाला सरांनी भूमध्य सागरी हवामान शिकवले, तेव्हा ‘तिथे सगळे आपल्या उलट’ एवढेच मी वहीत लिहून घेतले होते. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. पुढे कळले, की त्या उलट्या मुलखातही एक रानकांदा आहे आणि तो आमच्या रानकांद्याचा जवळचा भाऊबंद आहे. या दोघांची तुलना करावी असे मनात आले. मात्र हा अभ्यास निव्वळ हौसेने सुरू झाला नाही. त्यामागे घरातली एक गोष्ट आहे, ती लेखाच्या उत्तरार्धात सांगितली आहे.

नाव कांद्याचे, घराणे दुसरे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे दोन्ही रानकांदे खरे कांदे नव्हेत. जमिनीखाली पापुद्र्यांवर पापुद्रे असलेला कंद आहे म्हणून लोकांनी त्यांना कांदा म्हटले. आपल्या जेवणातील कांदा आणि लसूण यांना वनस्पतिशास्त्रज्ञ आज नार्सिससच्या कुळात धरतात, तर रानकांद्याला शतावरीच्या कुळात. म्हणजे बाजारातल्या कांद्यापेक्षा रानातली शतावरी आणि बागेतला निशिगंध हे रानकांद्याचे जवळचे नातलग ठरतात.

भूमध्य समुद्राकाठच्या जातीला लिनीयसने १७५३ साली ‘सिला मरिटिमा’ असे नाव दिले. मरिटिमा म्हणजे समुद्राकाठची. आपणही तिला या लेखापुरते समुद्रकांदा म्हणू. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतातील जातीचे वर्णन केले व तिला ‘सिला इंडिका’ म्हटले. पुढे या दोन्ही जाती ‘अर्जिनिया’ या प्रजातीत गेल्या. हे नाव श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये अल्जीरियातील बेनी उर्गिन नावाच्या टोळीवरून ठेवले होते. १९७७ साली भारतीय जात आणि १९७८ साली भूमध्य समुद्राकाठची जात ‘ड्रिमिया’ या प्रजातीत आणली गेली. म्हणून आज आपला रानकांदा ‘ड्रिमिया इंडिका’ व समुद्रकांदा ‘ड्रिमिया मरिटिमा’ या नावांनी ओळखला जातो. जुन्या पुस्तकांत मात्र दोघेही अर्जिनिया या नावाखालीच सापडतात, हे शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

ड्रिमिया हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ झोंबणारा, तिखट. मी हे आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग बराबर हाय की. हाताला लागला तर दिसभर खाजवीत बसावं लागतंय.” ही खाज कशाने येते तेही आता माहीत आहे. कंदाच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते कातडीत टोचतात आणि रस आत शिरतो.

दोघांचे रूप

गेल्या फाल्गुनात मी आमच्या बांधावरील तीन रानकांद्यांभोवती दगड मांडून खूण केली आणि दिवाळीपर्यंत दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिले. बांधावर नांगर फिरत नाही, म्हणून तिथे ते वर्षानुवर्षे टिकून आहेत. एक कंद उकरून पाहिला व पुन्हा पुरला. तो लहान मुलाच्या मुठीएवढा, पांढरट आणि चांगला वीतभर खोल होता. रानकांद्याचे कंद साधारणपणे लिंबापासून मुठीपर्यंत आकाराचे असतात.

समुद्रकांद्याचा कंद याच्यापुढे राक्षसच म्हणावा. त्याचा व्यास १५ सेंटिमीटर किंवा अधिक भरतो आणि मोठा कंद दोन किलोंच्याही वर जातो. तो पुष्कळदा अर्धा जमिनीच्या वर उघडाच बसलेला असतो. त्याचे पांढरा आणि तांबडा असे दोन प्रकार आहेत. स्पेन, मोरोक्कोपासून ग्रीस, सायप्रस, पॅलेस्टाईनपर्यंत किनाऱ्यावर आणि खडकाळ टेकड्यांवर तो वाढतो. त्याचा फुलांचा दांडा दीड मीटरपर्यंत उंच जातो आणि त्यावर पांढऱ्या शुभ्र चांदण्यांसारखी शेकडो फुले दाटीने लागतात. आपल्या रानकांद्याची फुले विरळ, लांब देठांची, मान खाली घातलेली. एकाचा तुरा दुरून डोळ्यात भरतो, दुसऱ्याचा पायाशी असूनही दिसत नाही.

फुलांची उमलण्याची रीत मात्र एकच. खालचे फूल आधी, मग त्याच्या वरचे, असे करीत शेंड्याकडे जायचे. पुढे दोघांनाही तीन कप्प्यांची बोंडे धरतात आणि त्यांतून चपट्या, काळ्या बिया पडतात. वाऱ्यावर त्या सहज उडतात. गुरे दोघांनाही तोंड लावीत नाहीत.

उलटे पंचांग

खरी मौज दोघांच्या वर्षाची मांडणी करताना आली. माझ्या तीन कंदांनी वैशाखात दांडे टाकले. ज्येष्ठात बोंडे वाळली, बिया सांडल्या आणि दांडेही मोडून पडले. पावसाने जमीन भिजल्यावर, आषाढात, त्याच जागी चपटी लांब पाने वर आली. श्रावण-भाद्रपदात ती हातभर झाली. दिवाळीच्या सुमारास पिवळी पडली आणि नाहीशी झाली. म्हणजे ज्याने पान पाहिले त्याने फूल पाहिले नाही, आणि ज्याने फूल पाहिले त्याला पान ठाऊक नाही. आमच्या गावातले काही लोक तर या दोन वेगळ्या वनस्पती आहेत असेच समजतात.

आता समुद्रकांदा पाहा. त्याच्या मुलखात मे ते सप्टेंबर हा रखरखीत काळ. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे त्या कोरड्या ऋतूच्या अखेरीस, तो फुलतो. तेव्हा त्यालाही पाने नसतात. हिवाळी पाऊस सुरू झाला की पाने येतात, हिवाळाभर हिरवी राहतात आणि उन्हाळा लागताच वाळून जातात.

महिने पाहिले तर दोघांचे काहीच जुळत नाही. आपला फुलतो तेव्हा त्याची पाने वाळत असतात, आणि त्याला तुरा येतो तेव्हा आपला हिरवागार असतो. पण महिने बाजूला ठेवून पावसाकडे पाहिले तर दोघांचा नियम एकच आहे : कोरड्या ऋतूच्या शेवटी फूल, पावसाच्या तोंडावर बी, पावसाबरोबर पान आणि पाऊस संपल्यावर जमिनीखाली मुक्काम.

असे का असावे? पानातून पाणी उडून जाते. म्हणून कोरड्या दिवसांत पान बाळगणे वनस्पतीला परवडत नाही. पावसाळ्यात पानांनी जे अन्न तयार केले ते कंदात साठते. पूर्वी आमच्याकडे ज्वारी पेवात भरून ठेवीत, तसेच हे. उन्हाळ्यातील फुलाचा सारा खर्च या पेवातून होतो. आणि फूल पावसाआधी आले की बी वेळेवर तयार होते व रोपाला मुळे धरायला संपूर्ण पावसाळा मिळतो. भूगोलाच्या पुस्तकात मोसमी हवामान आणि भूमध्य सागरी हवामान ही दोन निराळी प्रकरणे आहेत. या दोन भावंडांनी ती एकाच रीतीने सोडविली आहेत.

आजी म्हणते, “रानकांद्यानं तुरा काढला की वळीव जवळ आला समजावं.” इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात समुद्रकांद्याबद्दल असेच काही नोंदवले आहे. त्याचा फुलोरा तीनदा येतो आणि त्यावरून पहिली, मधली व शेवटची पेरणी ओळखावी, अशी समजूत त्याने दिली आहे. ग्रीक शेतकरी आणि माझी आजी यांनी एकाच घराण्यातील वनस्पतीकडे एकाच कामासाठी पाहावे, याचे मला फार नवल वाटले.

परंतु आजीला मी पुढे विचारले, “मग १९७२ ला?” ती थोडा वेळ गप्प राहिली. “त्या साली बी तुरं आलं व्हतं,” ती म्हणाली. “पाऊस न्हाई आला.” रानकांद्याला पुढचा पाऊस कळत नाही, हे यावरून उघड होते. तो आपल्या साठ्यावर आणि ठरल्या वेळेला फुलतो. पाऊस येणे न येणे त्याच्या हाती नाही.

दारावरचा कांदा आणि औषधाच्या बाटलीतला

समुद्रकांद्याचा कंद उपटून ठेवला तरी बरेच दिवस मरत नाही, मातीपाण्यावाचून त्याला कोंब फुटतो. त्यामुळे त्या मुलखात तो जिवटपणाचे चिन्ह मानला गेला. दारापुढे लावल्यास अरिष्ट टळते ही समजूत थिओफ्रास्टसच्याही काळी होती. क्रीटमध्ये आणि ग्रीसच्या इतर भागांत नव्या वर्षाला तो दारावर टांगण्याची चाल आहे. पॅलेस्टाईनच्या भागात शेताच्या हद्दीवर तो लावीत, कारण एकदा रुजला की तो जागा सोडत नाही. बांधावरून ज्यांची भांडणे कोर्टापर्यंत जातात त्या आपल्या लोकांना याचे महत्त्व सांगायला नको.

औषध म्हणूनही त्याचा इतिहास मोठा आहे. सिरक्यात मुरवलेला समुद्रकांदा ग्रीक वैद्य देत असत. युरोपात पुढे तो छातीतला कफ सुटण्यासाठी आणि अंगावरची सूज उतरवण्यासाठी शतकानुशतके वापरला गेला. भारतात त्याच्या जागी आपला रानकांदा वापरात आला आणि औषधांच्या अधिकृत ग्रंथांत ‘भारतीय स्क्विल’ या नावाने त्याला स्थान मिळाले.

दोघांच्या कंदांत हृदयावर काम करणारी द्रव्ये असतात. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आर्थर श्टोल आणि त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकात समुद्रकांद्यातून ‘सिलारेन’ नावाचे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. अशा द्रव्यांनी हृदयाचे आकुंचन जोरकस होते आणि ठोके मंदावतात. मात्रा थोडी वाढली की मळमळ, उलट्या सुरू होतात. आणखी वाढली की ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस दगावू शकतो. औषध आणि विष यांत अंतर फार थोडे. तांबड्या समुद्रकांद्यापासून उंदीर मारण्याचे विष करीत, त्यामागेही हेच. इतर प्राण्यांना उलटी होऊन विष बरेचसे बाहेर पडते, उंदराला उलटी करता येत नाही.

दोन प्रसंग

पहिला प्रसंग आजीच्या लहानपणचा. १९७२ च्या दुष्काळात ती तेरा-चौदा वर्षांची होती आणि आईबरोबर खडी फोडायला जाई. घरात तांबडी मिलो शिजायची, कामावर सुकडी मिळायची, आणि तेही पोटाला पुरत नसे. तिचा पाच वर्षांचा भाऊ इतर पोरांबरोबर माळावर कंद उकरीत हिंडत होता. त्याला रानकांदा सापडला. ‘कांदा’ म्हणून त्याने तो चावला. कडू लागला तरी भुकेपोटी दोन-तीन घास गिळले. घरी येईपर्यंत तोंड सुजले आणि उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या. बैलगाडीतून त्याला तालुक्याला नेले. उलट्यांनीच त्याला वाचवले असे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आजी त्या कंदाचे नावसुद्धा नीट घेत नाही.

दुसरा प्रसंग गेल्या वर्षीचा आहे, आणि त्यात चूक माझी होती. माझ्या वडिलांना, अण्णांना, हृदयाचा विकार आहे. पायावर सूज येते, जिना चढताना धाप लागते. तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण सूज हटत नव्हती. भावकीतल्या एका काकांनी सांगितले, “रानकांद्याचा सुपारीएवढा तुकडा मधातून द्या, सूज उतरते.” आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आई म्हणाली, “तुझ्या पुस्तकात बघ बरं, काय लिवलंय.”

मी ग्रंथालयातून एक जुने औषधी वनस्पतींचे पुस्तक काढले. त्यात अर्जिनियाखाली स्पष्ट लिहिले होते, की कंद सूज उतरवतो. मला मोठा आनंद झाला. पुस्तकात आहे म्हणजे खरेच असणार. मी घरी येऊन तसे सांगितले आणि काका कंद उकरायला निघाले.

आजी दारात उभी राहिली. तिला वाचता येत नाही, अंगठा उठवते. ती मला म्हणाली, “पुस्तकातला कांदा आन् आपल्या बांधावरचा कांदा योकच हाय का, ते लिवलंय व्हय गं? आन् किती द्यायचा ते?”

मी पुस्तक पुन्हा उघडले. ज्या परिच्छेदावर मी विसंबले होते तो समुद्रकांद्याचा होता, आपल्या रानकांद्याची नोंद पुढच्या पानावर होती. मात्रा दिली होती ती वाळवून दळलेल्या पुडीची, ६० ते २०० मिलिग्रॅम. आजीला कळावे म्हणून मी गुंजांचा हिशेब केला. अर्ध्या गुंजेपासून जेमतेम पावणेदोन गुंजांपर्यंत. काका सांगत होते तो सुपारीएवढा ओला तुकडा त्याच्या कितीतरी पट भरला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांना डॉक्टरांकडे नेले आणि मी घडलेले सारे सांगितले. अण्णांच्या गोळ्यांपैकी एक डिगॉक्सिन होती. ती डिजिटॅलिस या वर्गातील एका वनस्पतीपासून मिळते आणि हृदयावर रानकांद्यासारखेच काम करते. डॉक्टर म्हणाले, “एकावर दुसरे चढले असते तर मी काही करू शकलो असतो की नाही, सांगता येत नाही.” त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, मीठ कमी करायला सांगितले. सूज हळूहळू उतरली. अण्णा आज शेतावर जातात, जड काम करीत नाहीत.

त्या दिवसापासून मी हे दोन कांदे वेगळे ओळखायला शिकू लागले, आणि हा लेख त्यातून झाला.

ओळखावे कसे?

खेड्यातून येणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांच्या उपयोगाचे थोडेसे सांगून लेख संपवते. खरा कांदा चुरडला की वास येतो, डोळ्यांतून पाणी येते. रानकांद्याला तो वास नाही. खऱ्या कांद्याची पात पोकळ नळीसारखी, रानकांद्याचे पान चपटे. खऱ्या कांद्याच्या डेंगळ्यावर शेंड्याला फुलांचा एकच गोल गोंडा असतो, तर रानकांद्याची फुले दांड्यावर सुटीसुटी, खालपासून वरपर्यंत लागतात. पण या खुणा फक्त ओळखीसाठी आहेत. खात्री झाली म्हणून कोणी तो औषधाला वापरू नये. आजच्या वैद्यकात हृदयाच्या रोग्याला मोजून देता येतील अशी औषधे आहेत, आणि कंदाच्या तुकड्यात विष किती आहे हे हाताने जोखता येत नाही.

दोन रानकांद्यांत साम्य पुष्कळ आहे, तरी एकाविषयी लिहिलेले दुसऱ्याला लावण्याआधी जात, भाग आणि मात्रा या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. हे मला पुस्तकाने शिकवले असते, जर मी ते पूर्ण वाचले असते. आजीने ते न वाचता विचारले.

यंदाही बांधावर माझ्या तीन दगडांच्या खुणा तशाच आहेत. महाविद्यालयामागच्या टेकडीवरही मी मागच्या वैशाखात दोन दांडे पाहिले. कोणाला दिसले तर जरूर थांबून पाहावे, उपटू नये. आषाढात त्याच जागी पुन्हा गेलात, तर पाने भेटतील.